हवेतून पडणारं खत आणि गोव्याचं रान

सत्तरीच्या रानात जाऊन कुणी युरियाचं पोतं फोडत नाही. तशी गरजही कधी पडलेली नाही. म्हादईच्या खोऱ्यातलं जंगल हजारो वर्षं स्वतःच्याच पालापाचोळ्यावर पोसलेलं आहे. तरीही खत तिथे पोचतं. पावसाच्या थेंबात विरघळून पोचतं, चोर्ल्याच्या धुक्यातून पोचतं, आणि पाऊस नसतो त्या महिन्यांत अदृश्य कणांच्या रूपाने पानापानांवर बसतं. हे खत म्हणजे हवेतून पडणारा नायट्रोजन, शेतकरी ज्याला नत्र म्हणतात तेच. प्रदूषण म्हटलं की आपल्याला काळा धूर, लाल झालेली नदी, तरंगणारे मेलेले मासे आठवतात. हे प्रदूषण मात्र झाडांना आधी हिरवंगार करतं. त्यामुळे ते प्रदूषण आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येतं तोवर माती बदललेली असते.

आधी थोडा हिशेब करू. आपल्याकडे युरियाचं पोतं 45 किलोचं असतं. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागे साधारण 20 किलो 700 ग्रॅम. कारखाने, मोटारी आणि रासायनिक खतं येण्याआधी जगातल्या बहुतेक जंगलांवर हवेतून वर्षाला हेक्टरी एखाद-दोन किलो नत्र पडायचं. विजा जास्त कडाडतात अशा ठिकाणी थोडं अधिक. आज पश्चिम युरोप, पूर्व चीन आणि गंगेचं मैदान इथे हाच आकडा अनेक ठिकाणी 10 किलोच्या, 20 किलोच्याही वर गेला आहे. म्हणजे हेक्टरी अर्धं ते एक पोतं युरिया, दरवर्षी, न चुकता. भाताच्या शेतकऱ्याला ही मात्रा किरकोळ वाटेल. पण शेतातून आपण दरवर्षी पीक कापून नेतो आणि पिकाबरोबर नत्रही बाहेर जातं. जंगलातून कापणी होत नाही. तिथे पडलेलं बरंचसं तिथेच साचत राहतं.

निरुपद्रवी वायूचं खत कसं होतं

आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे. मग आणखी थोडा आला तर बिघडलं काय? हवेतला नायट्रोजन दोन-दोन अणूंच्या जोडीने असतो आणि त्या जोडीतला बंध इतका घट्ट असतो की झाडांना तो तोडता येत नाही. नत्राच्या समुद्रात उभं राहूनही झाड नत्रासाठी उपाशी असतं. हा बंध निसर्गात प्रामुख्याने दोघेच तोडतात: वीज आणि काही ठरावीक जिवाणू. चवळी, कुळीथ यांच्या मुळांवरच्या गाठींमध्ये हे जिवाणू राहतात. भात कापून झालं की त्याच शेतात अळसांदे घ्यायची आपली जुनी रीत जमिनीला नत्र देते ती त्यांच्याच मेहनतीवर.

विसाव्या शतकात माणूस या कामात उतरला. 1909 साली जर्मनीत फ्रित्झ हाबर यांनी प्रचंड दाबाखाली हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती रीत कारखान्यात आणली आणि 1913 मध्ये ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आपल्या झुआरीनगरला 1970 च्या दशकापासून उभा असलेला खताचा कारखाना याच शोधाचा वारसदार. या शोधाचं मोल कमी लेखू नये. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न त्याच्यामुळे पिकतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण शेतात टाकलेलं सगळं नत्र पिकात जात नाही. निम्म्याहून जास्त वाटेत निसटतं: काही पाण्याबरोबर, काही हवेत.

हवेत जाणाऱ्या नत्राच्या दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली वाट आगीची. इंजिनात तापमान इतकं चढतं की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडले जातात आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. इंधन कितीही शुद्ध असलं तरी हे होतं, कारण नायट्रोजन इंधनातून येत नाही, हवेतून येतो. अनमोड घाटातले ट्रक, मुरगाव बंदरातली जहाजं, कारखान्यांच्या भट्ट्या, हॉटेलांचे डिझेल जनरेटर, आणि आपल्या सगळ्यांच्या दुचाक्या-चारचाक्या. गोव्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या आता माणसांच्या संख्येच्या आसपास पोचली आहे. वणवे वेगळेच. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर दिवसेंदिवस आगी पेटत होत्या. पालापाचोळा आणि झाडोरा जळतो तेव्हा त्यात वर्षानुवर्षं साठलेलं नत्रही धुराबरोबर मोकळं होतं.

दुसरी वाट गोठ्याची. रात्रभर बंद असलेल्या गोठ्यात पहाटे शिरलात की नाकात आणि डोळ्यांत झोंबतो तो अमोनिया. गोमूत्रात युरिया असतो, शेणात आणि मातीत तो फोडणारं विकर (एन्झाइम) असतं, आणि दोन्ही एकत्र आले की काही तासांतच अमोनिया सुटायला लागतो. शेतात ओल्या मातीवर फेकलेल्या युरियाचं नेमकं हेच होतं. ऊन असेल, वारा असेल आणि खत मातीत मिसळलेलं नसेल, तर त्यातला मोठा वाटा चार-आठ दिवसांत उडून जातो. शेतकऱ्याचे पैसेही हवेत आणि नत्रही हवेत.

वर गेल्यावर या दोन्ही वाटा एकमेकींना मिळतात. नायट्रोजन ऑक्साइडचं एखाद्या दिवसात नायट्रिक आम्ल होतं. त्याला अमोनिया भेटला की दोघांचे मिळून अतिसूक्ष्म कण बनतात. एकटा अमोनिया फार लांब जात नाही. गोठ्यापासून, शेतापासून थोड्याच अंतरात तो पानांना चिकटतो. पण कण झाला की तो शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. त्याला राज्याच्या सीमा नाहीत.

घाटमाथ्यावरून आणि समुद्रावरून

गोव्यात या सगळ्याला ऋतूंचं वेळापत्रक आहे. जून ते सप्टेंबर वारा अरबी समुद्रावरून येतो. त्यात मीठ भरपूर, पण माणसाने केलेलं नत्र तुलनेने कमी. ऑक्टोबर संपला की वारा पालटतो. थंडीच्या रात्री आणि पहाटे घाटावरून मतलई वारा उतरतो, आणि घाटापलीकडे आहे बेळगाव-कोल्हापूरचा उसाचा पट्टा: भरपूर युरिया, भरपूर गुरं, तोडणीनंतर पेटवलेलं पाचट. तिथली हवा सह्याद्रीच्या कड्यावरून आपल्या जंगलांवर ओतली जाते. त्या काळात पाऊस नसतो. म्हणून जे येतं ते कोरडंच पानांवर बसतं आणि नोव्हेंबर ते मे साचत जातं.

मग मिरग लागतो. पहिल्या दोन-चार सरींत सगळी पानं धुऊन निघतात. जंगलात हे मोजायची साधी रीत आहे. एक नरसाळं उघड्यावर ठेवायचं आणि एक झाडाखाली. प्रदूषित प्रदेशात झाडाखालच्या नरसाळ्यातल्या पाण्यात बहुतेक वेळा नत्र जास्त निघतं, कारण ते पाणी पानांवर साठलेलं घेऊन खाली आलेलं असतं. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळाभर करपलेली माती एकदम भिजली की तिच्यातले सूक्ष्मजीव जागे होतात आणि साठलेलं नत्र झपाट्याने मोकळं करतात. झाडांची मुळं अजून पुरती कामाला लागलेली नसतात. त्यामुळे पावसाळ्याचा पहिला लोंढा ओहोळात सर्वांत जास्त नायट्रेट वाहून नेण्याची शक्यता असते.

धुकं हा आणखी एक वाटेकरी. धुक्याचे थेंब पावसाच्या थेंबांपेक्षा कितीतरी लहान असतात आणि जमिनीलगतच्या हवेत तरंगतात. त्यांच्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण पावसापेक्षा बरंच जास्त आढळतं. चोर्ला घाटात किंवा सुर्ल्याच्या पठारावर झाडं धुक्यात भिजतात तेव्हा ती हे दाट पाणी फांद्यांनी गाळून घेत असतात.

इथे जंगलाच्या कडेचाही प्रश्न येतो. वारा सपाटीवरून येऊन झाडांच्या भिंतीवर आदळतो तिथे कण जास्त बसतात, म्हणून जंगलाच्या आतल्या भागापेक्षा कडेवर नत्र जास्त पडतं. मोलेच्या जंगलातून रस्ता रुंद केला, नवी वीजवाहिनी ओढली, की किती झाडं पडली याची मोजणी होते. पण त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना किलोमीटर-किलोमीटर नवी कड तयार होते, आणि रस्ता असेल तर प्रदूषणाचा उगमही तिथेच, हाताच्या अंतरावर. पर्यावरण परिणामांच्या अहवालांत या कडेचा हिशेब आलाच पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

हिरवळीच्या मागे

भातात युरिया जास्त झाला तर काय होतं हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठलाही शेतकरी सांगेल. शेत काळंभोर हिरवं दिसतं, रोप उंच जातं, आणि मग एका वाऱ्यात भात लोळतं. कीडही तिथेच आधी पडते. जंगलाचं तसंच आहे, फक्त तिथे लोळायला एक हंगाम लागत नाही, काही दशकं लागतात.

जंगलात पहिला फरक पडतो तो कोण जिंकतं यात. नत्र दुर्मीळ असताना हजार प्रकारची झाडंझुडपं आपापल्या युक्तीने जगतात. कुणी सावकाश वाढतं, कुणी बुरशीशी भागीदारी करून मुळांपर्यंत अन्न आणवतं. नत्र मुबलक झालं की या युक्त्यांना किंमत उरत नाही. मग भराभर वाढून दुसऱ्यावर सावली टाकणाऱ्यांचं फावतं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे 1856 पासून एका कुरणावर हा प्रयोग चालू आहे. खत न दिलेल्या पट्ट्यांत आजही अनेक जातींची गवतं आणि फुलं आहेत. भरपूर नत्र मिळालेल्या काही पट्ट्यांत जेमतेम चार-दोन जाती शिल्लक राहिल्या. हे नत्र तिथे हातांनी दिलेलं होतं. नेदरलँड्समध्ये ते हवेतून पडलं, आणि जांभळ्या फुलांची माळरानं पाहता पाहता गवताने भरून गेली.

आपल्याकडे कुणाला आधी झळ बसेल, हे पाहायचं तर दोन गोष्टी जवळून बघाव्या लागतील.

पहिली आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. दगडफूल. वरून राखाडी, खालून काळं, चुरगळलं की मातकट सुवास. ही वनस्पती नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचं ते एकत्र बिऱ्हाड आहे. त्याला मुळं नाहीत आणि पानांवर असतो तसा मेणाचा थरही नाही. जे काही खायचं-प्यायचं ते थेट हवेतून आणि पावसातून. त्यामुळे हवेत जे येईल ते थेट त्याच्या अंगात शिरतं. युरोपात हेक्टरी वर्षाला पाच किलोच्या आसपास नत्र पडू लागलं तिथेच संवेदनशील दगडफुलं कमी होताना दिसली. मोठ्या झाडांवर काही परिणाम दिसायच्या कितीतरी आधी. त्यांच्या जागी नत्र आवडणाऱ्या काही पिवळट जाती येतात. नेदरलँड्सच्या गोठ्यांभोवतीच्या झाडांवर त्या ठसठशीत दिसतात. म्हणून प्रदूषण मोजायच्या यंत्राआधी अभ्यासक झाडाचं खोड बघतात. कुळागरातल्या पोफळीच्या खोडांवर पांढऱ्या-करड्या पपडीसारखे चट्टे असतात ती याच कुळातली मंडळी. घाटातल्या जुन्या झाडांवर मात्र पानांसारखी पसरणारी आणि दाढीसारखी लोंबणारी दगडफुलं असतात. आधी जातात ती हीच.

दुसरी गोष्ट सड्यावर. जांभ्या दगडाचे आपले सडे उन्हाळ्यात भाजून निघतात आणि लोकांना ते ओसाड, म्हणजे बांधकामाला मोकळे वाटतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच सड्यावर गुडघे टेकून बघा. दगडाच्या खळग्यात बोटभर माती, तिच्यावर झिरपणारं पाणी, आणि त्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. फूल नाजूक, पण खाली ओल्या मातीत त्याच्या मोहरीहून बारीक पिशव्या लपलेल्या असतात. सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की सेकंदाच्या हजाराव्या भागात तो पाण्यासकट आत ओढला जातो. शेजारीच दवबिंदू: तांबूस पानं, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यात अडकलेलं चिलट. या झाडांनी किडे खायला शिकलं याचं एकच कारण आहे. तिथल्या मातीत नत्र नाही. गरिबी हेच त्यांचं घर आहे. बाकीची गवतं तिथे तग धरत नाहीत म्हणून यांना जागा मिळते.

आता त्या खळग्यात आकाशातून नत्र पडू लागलं तर? स्वीडनमधल्या दलदलींत दवबिंदूच्याच भाईबंदावर हे तपासून झालं आहे. जिथे हवेतून जास्त नत्र पडतं तिथे ती झाडं किड्यांवर कमी आणि मुळांवर जास्त अवलंबून राहू लागली. ऐकायला सोय वाटते. पण त्याच खतावर उंच गवतही वाढतं, आणि सावलीत ही बोटभर झाडं टिकत नाहीत.

याच सड्यांवर आपण ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवडही केली. त्याच्या मुळांवरही नत्र ओढणारे जिवाणू असतात. म्हणजे ज्या मातीचं वैशिष्ट्यच नत्र नसणं हे होतं, तिला आपण वनीकरणाच्या नावाने खालूनही खत देत आलो. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण सडा हा नापीक पडीक तुकडा नसून स्वतःच्या हक्काचा अधिवास आहे, एवढं तरी आता धोरणात यायला हवं.

मातीत काय निसटतं

झाडांनी आणि सूक्ष्मजीवांनी घेऊन उरलेल्या अमोनियमचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल तयार होतं. मातीचे कण ऋणभारित असतात, ते कॅल्शियम, मॅग्नेशियम यांना धरून ठेवतात. नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे बहुतेक मातीत त्याला धरणारं फारसं कुणी नसतं. पाण्याबरोबर ते खाली सरकतं. सरकताना ते रिकाम्या हाताने जात नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन जातं. सामू (पीएच) आणखी उतरला, म्हणजे आम्लता वाढली, की मातीत दगडासारखं बंद असलेलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं. ते मुळांनाही घातक आणि पुढे माशांच्या कल्ल्यांनाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक जंगलात 1963 पासून पावसाचं आणि ओहोळांचं पाणी तपासत आले आहेत. तिथे सुरुवातीलाच पावसाचा सामू चारच्या आसपास निघाला. गंधक आणि नायट्रोजन दोघांचंही हे काम. दशकानुदशकांच्या नोंदींतून दिसलं की मातीतलं कॅल्शियम धुपून चाललंय. 1999 मध्ये तिथल्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमच्या गोळ्या टाकून बघितल्या, आणि खंगत चाललेली मेपलची झाडं पुन्हा सावरली. नेदरलँड्समध्ये याच साखळीचं एक टोक पक्ष्यांपर्यंत गेलेलं सापडलं. आम्लधर्मी झालेल्या मातीत गोगलगायी कमी झाल्या, आणि त्यांच्या शिंपल्यांतून कॅल्शियम मिळवणाऱ्या ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या अंड्यांची कवचं पातळ, ठिसूळ होऊ लागली.

थंड प्रदेशातली ही उदाहरणं गोव्याला जशीच्या तशी लावता येत नाहीत. तिथल्या जंगलांना मुळात नत्र कमी पडतं, म्हणून ती बराच काळ पडणारं नत्र पिऊन टाकतात. आपली जांभी माती लाखो वर्षं पावसाने धुतलेली. तिच्यात कॅल्शियम आधीच थोडं. आणि तिच्यातलं लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) इतकं घट्ट धरतात की अशा मातीतल्या जंगलाला नत्रापेक्षा बहुधा स्फुरदाचीच चणचण जास्त असते. अशा जंगलावर जादा नत्र पडलं तर ते वापरलं जाण्याऐवजी लवकर गळू लागतं. दक्षिण चीनमधल्या डिंगहूशान राखीव जंगलात हा प्रश्न घेऊन प्रयोग केले आहेत. तिथल्या जुन्या, परिपक्व जंगलात वर्षानुवर्षं नत्र दिलं तेव्हा झाडं जोमाने वाढली नाहीत. उलट जास्त मात्रेच्या तुकड्यांत जमिनीलगतच्या झाडोऱ्याची विविधता घटली आणि माती आणखी आम्लधर्मी झाली. जंगल नत्राने तुडुंब भरतं, या अवस्थेचं टप्प्याटप्प्याने वर्णन अभ्यासकांनी 1989 मध्येच केलं होतं. उष्ण कटिबंधातली काही जंगलं त्या पायऱ्यांवर आधीपासूनच वर चढून बसलेली आहेत.

भारतात आणखी एक घोळ होतो. उत्तरेतल्या आणि दख्खनच्या हवेत चुन्याचा अंश असलेली धूळ पुष्कळ असते. ती आम्ल मारते. म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी पावसाचा सामू तपासला तर तो ठीक येतो आणि 'आपल्याकडे आम्लवर्षा नाही' म्हणून विषय मिटतो. पण धुळीने आम्ल मारलं, नत्र नाही मारलं. ते नायट्रेट आणि अमोनियम म्हणून थेंबात तसंच असतं, आणि मातीत पोचल्यावर अमोनियमपासून पुन्हा आम्ल होतंच. सामूवर विसंबून या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

ओहोळापासून समुद्रापर्यंत

जंगलाने पचवायचं थांबवलं हे सगळ्यांत आधी ओहोळ सांगतो. निरोगी जंगलातून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट जेमतेम असतं. ते वाढू लागलं, विशेषतः झाडं जोमात वाढण्याच्या दिवसांतही पाण्यात दिसू लागलं, तर वरच्या मातीत जागा उरलेली नाही असा त्याचा अर्थ.

भारतीय मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. जंगलातल्या ओहोळाला ही मर्यादा लावून उपयोग नाही. ती माणसाच्या बाळासाठी आहे, बेडकाच्या पिल्लासाठी नाही. ओहोळातलं जीवन त्यापेक्षा बऱ्याच कमी प्रमाणात बदलू लागतं. दगडांवर आधी दोऱ्यासारखं हिरवं शेवाळ चढतं. दगडाखाली राहणारे, स्वच्छ आणि भरपूर प्राणवायूच्या पाण्यात वाढणारे किडे कमी होतात. त्या किड्यांवर मासे, खेकडे, चतुर जगतात. दाट सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही, म्हणून रानाच्या आत बदल कमी दिसतो. नायट्रेट तसंच खाली वाहतं आणि जिथे ऊन लागतं, पाणी संथ होतं, बंधाऱ्यात अडतं, तिथे डोकं वर काढतं. खांडेपार नदीवरून ओपाला आपलं पिण्याचं पाणी उचलतात, तिच्या वरच्या अंगाला हीच जंगलं आहेत. धरणांत शेवाळ वाढलं की पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाढतो, एवढा साधा संबंध आहे.

वाटेत नत्राला परत हवेत सोडणाऱ्या जागाही आहेत आणि त्या फार मोलाच्या आहेत. सत्तरीत बांबर इथे निरंकाराची राय आहे. बाराही महिने ओल्या मातीतून जायफळाच्या कुळातली झाडं गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी असतात. अशा चिखलात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू श्वासासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचा पुन्हा साधा, निरुपद्रवी नायट्रोजन करून टाकतात. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतला गाळ, खारफुटीतला चिखल, पाणी तुंबलेली भातशेतं हेच काम करतात. खाजन बुजवताना आपण ही फुकटची गाळणीही बुजवतो.

यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 273 पट तापवणारा. याबद्दलचं एक महत्त्वाचं संशोधन आपल्याच दोनापावलहून झालं आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर'मध्ये दाखवलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तिथे नायट्रस ऑक्साइड प्रचंड प्रमाणात तयार होतो. खोल समुद्रातलं पाणी वर येतं म्हणून हे नैसर्गिकरीत्याही घडतंच. पण जमिनीवरून आणि हवेतून येणाऱ्या जादा नत्राने ते तीव्र होण्याची भीती त्यांनी तेव्हाच मांडली होती. घाटात पडलेलं नत्र आणि कांदोळीसमोरच्या पाण्यातला घुसमटलेला तळ, हे एकाच प्रवाहाचे दोन टप्पे आहेत.

काय केल्याने फरक पडतो

हा प्रश्न सुटू शकतो याचा पुरावा आहे. युरोप आणि अमेरिकेत गाड्यांवर, वीजकेंद्रांवर कडक नियम आल्यावर नायट्रोजन ऑक्साइड खरंच घटले आणि काही जंगलांतल्या ओहोळांतलं नायट्रेट उतरलं. भारतात 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासाठीचं भारत स्टेज सहा हे मानक लागू झालं. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती 80 वर आली. जुने ट्रक रस्त्यावर आहेत तोवर पूर्ण फायदा दिसणार नाही, पण दिशा बरोबर आहे.

अमोनियाच्या बाबतीत मात्र जगभर ढिलाई आहे. तो शेतीतून येतो आणि शेतकऱ्याला दुखवायला कुठलंच सरकार धजत नाही. नेदरलँड्सने हा प्रश्न इतका पुढे ढकलला की 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने सरकारची परवाने देण्याची पद्धतच रद्द केली. हजारो प्रकल्प अडकले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. वेळेवर थोडं थोडं केलं असतं तर शेतकऱ्यांवर ही पाळी आली नसती.

आपल्याकडे करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यात शेतकऱ्याचंच भलं आहे. 2015 पासून देशातला सगळा युरिया कडुलिंबाचं तेल चढवलेला येतो. त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. पण उघड्या ओल्या मातीवर फेकला तर तोही अमोनिया होऊन उडतोच. हप्त्याहप्त्याने द्यावा, मातीत मिसळावा, मुसळधार पावसाच्या तोंडावर देऊ नये. शेणाचा खड्डा उघडा ठेवण्याऐवजी वर माती किंवा पाला पसरावा आणि गोमूत्र वाहू न देता खड्ड्यात मुरवावं. आपले जुने कुळागरवाले गुरांखाली सुका पाला अंथरतात आणि तोच पाला मग पोफळींच्या बुंध्याशी घालतात, त्यातही हाच शहाणपणा आहे. ओहोळाच्या काठची दहा-पंधरा पावलं झाडोऱ्याला सोडावीत. आणि काजूच्या बागेतला पाला पेटवू नये.

सरकारी पातळीवर माझी मागणी एका गोष्टीची आहे: जंगलात मोजणी. शहरातली हवा तपासायची यंत्रं शहरासाठी असतात. सुर्ला, मोले, नेत्रावळी आणि खोतीगाव इथे प्रत्येकी एक नरसाळं उघड्यावर आणि एक झाडाखाली, शेजारच्या ओहोळाचं पाणी आठवड्याला एकदा, आणि दर वर्षी ठरलेल्या झाडांच्या खोडांवरच्या दगडफुलांचे फोटो. यातलं शेवटचं काम वाळपई किंवा सांग्याच्या विद्यार्थ्यांनाही जमेल; खोडावर एक चौकट धरायची, आत किती प्रकार दिसतात ते मोजायचं, पुढच्या वर्षी त्याच झाडाशी परत यायचं. सुरुवात मात्र मे महिन्यातच करावी लागते, कारण ओहोळाचा सर्वांत मोलाचा नमुना पहिल्या लोंढ्याचा, आणि तो घ्यायला बाटल्या मिरगाच्या आधीच धुऊन, नंबर घालून काठावर तयार असाव्या लागतात.